सल्ला देण्याचा अधिकार कुणाचा?

पैशाचे व्यवहार हा समीक्षेचा विषय नव्हे, असे मानणारा एक वर्ग आपल्याकडे आहे. दूरचित्रवाणीवरील शेअरबाजाराच्या कार्यक्रमाची चिकित्सा करायची म्हटले की तो नाक मुरडतो. परंतु ज्या बोलीतून आज लाखो माणसे पैशाविषयी विचार करायला शिकतात ती बोली, तिचा वक्ता आणि त्या वक्त्याचा अधिकार समीक्षेने तपासायचा नाही, तर कुणी तपासायचा? म्हणून जिम क्रेमर या अमेरिकन माणसाची कारकीर्द इथे पाहायची आहे.

क्रेमरचा जन्म १९५५ चा. हार्वर्डची पदवी, काही काळ वार्ताहराची नोकरी, पुन्हा हार्वर्डमध्येच कायद्याचे शिक्षण आणि मग गोल्डमन सॅक्ससारखी बडी पेढी. १९८७ मध्ये त्याने धनिकांचा पैसा गुंतवणारा स्वतःचा फंड काढला. १९९६ मध्ये मार्टिन पेरेट्झबरोबर ‘द स्ट्रीट डॉट कॉम’ ही इंटरनेटवरून बाजाराच्या बातम्या आणि मते विकणारी कंपनी सुरू केली. मे १९९९ मध्ये तिचा शेअर १९ डॉलरला विक्रीस आला आणि पहिल्याच दिवशी ६० डॉलरवर बंद झाला. पुढच्या वर्षी तो फुगा फुटला. २०१९ मध्ये अख्खी कंपनी १ कोटी ६५ लाख डॉलरला विकली गेली. कंपनी खाली आली, क्रेमर वर गेला. मार्च २००५ मध्ये सीएनबीसी वाहिनीवर त्याचा ‘मॅड मनी’ सुरू झाला आणि २०२५ मध्ये त्याला वीस वर्षे पूर्ण झाली.

या कार्यक्रमाचे रूप पाहण्यासारखे आहे. बाह्या सरसावलेला सूत्रधार ओरडतो, खुर्च्या फेकतो, बटणे दाबून बैलाचे, अस्वलाचे आवाज काढतो. प्रेक्षक फोनवरून कंपनीचे नाव सांगतो आणि काही क्षणांत निकाल लागतो : घ्या किंवा विका. आपल्या वाचकांना हे रूप अनोळखी वाटू नये. गावातला देवऋषी असाच घुमतो आणि असाच कौल देतो. कौल खरा ठरला तर देवाची करणी. खोटा ठरला तर विचारणाऱ्याची भक्ती कमी पडली. विज्ञानाच्या आणि आकड्यांच्या युगातले हे अंगात येणेच आहे. फरक इतकाच की इथे देव्हाऱ्यात बाजार बसला आहे.

११ मार्च २००८ रोजी एका प्रेक्षकाने विचारले की बेअर स्टर्न्समधून पैसे काढून घ्यावेत काय. क्रेमरने ओरडून नाही म्हणून सांगितले. त्या दिवशी तो शेअर साठ डॉलरच्या वर होता. पाचच दिवसांनी ती पेढी शेअरला २ डॉलर भावाने जेपी मॉर्गनला विकण्याचे ठरले. पुढे तो भाव १० डॉलर झाला. आपण ठेवींविषयी बोललो होतो, शेअरविषयी नव्हे, असा खुलासा क्रेमरने केला. न्यायाने हेही नोंदवले पाहिजे की ऑगस्ट २००७ मध्ये, मध्यवर्ती बँक झोपली आहे, असा आकांत याच माणसाने पडद्यावर केला होता आणि तो खोटा नव्हता. पण त्याचा तो आक्रोश कुणासाठी होता? वित्तपेढ्यांतल्या आपल्या ओळखीच्या माणसांचा त्यात कळवळा होता. जी धोकादायक गृहकर्जे त्या कोसळण्याच्या मुळाशी होती, ती कृष्णवर्णीय आणि लॅटिनो वस्त्यांत प्रमाणाबाहेर खपवली गेली होती. घरे त्यांची गेली. त्यांना त्या कार्यक्रमात आवाज नव्हता.

मार्च २००९ मध्ये जॉन स्टुअर्ट या विनोदकाराने क्रेमरला आपल्या कार्यक्रमात बसवून जाब विचारला. फंडाच्या दिवसांत भाव खाली-वर कसे हलवता येत, हे क्रेमरने स्वतःच एका जुन्या चित्रफितीत सांगितले होते. ती त्याच्यापुढे लावली. क्रेमर ओशाळला, चुका कबूल केल्या. आणि दुसऱ्या दिवसापासून कार्यक्रम पुन्हा चालू राहिला.

इथे आपल्याला एक जुनी गोष्ट आठवल्याशिवाय राहत नाही. न्यूयॉर्कच्या ज्या बेटावर वॉल स्ट्रीट आहे, त्याच बेटावरच्या कोलंबिया विद्यापीठात १९१३ ते १९१६ या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर अर्थशास्त्र शिकले. १९१७ मध्ये बडोद्याची नोकरी सोडून मुंबईला आल्यानंतर पोटासाठी त्यांनी शेअर-रोख्यांच्या व्यवहारात सल्ला देणारी पेढी काढली. सल्लागार अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाइके पांगली. पेढी बंद पडली. सल्ला चुकला म्हणून नव्हे. सल्ल्याची परीक्षा व्हायच्या आधीच सल्लागाराची जात तपासली गेली. ज्याने १९२३ मध्ये रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ लिहिला, त्याला बाजाराने तोंड उघडू दिले नाही.

ही दोन चित्रे शेजारी ठेवा. एकाला चुकण्याचा अमर्याद हक्क. दुसऱ्याला बरोबर असण्याचीही सोय नाही. बाजार जात पाहत नाही, तो फक्त गुण पाहतो, असे जे आज आपल्या तरुणांना सांगितले जाते, त्याचे उत्तर या दोन चित्रांत आहे. विश्वासार्हता हेही भांडवल आहे आणि त्याची वाटणी जन्मानेच झालेली असते.

याचा अर्थ आपण बाजाराकडे पाठ फिरवावी असा नव्हे. २००५ मध्ये पुण्यात दलित उद्योजकांची ‘डिक्की’ ही संघटना उभी राहिली, तिच्यामागची भूक खरी आहे. प्रश्न आहे तो आपण तिथे काय घेऊन जायचे याचा. क्रेमरचा आरडाओरडा उचलून आपल्यातही नवे देवऋषी तयार करायचे, की रुपयाच्या प्रश्नामागे राज्य कुणाचे आणि नुकसान कुणाचे हे विचारणारी बाबासाहेबांची रीत पुढे न्यायची? कौल मागण्यासाठी आपण पुष्कळ शतके उंबऱ्याबाहेर उभे राहिलो. आता हिशेब मागायचा आहे.