खिद्रापूरचा शिलालेख : दान कोणी दिले, कोणाचे दिले?

शिरोळ तालुक्यात कृष्णाकाठी खिद्रापूरचे कोपेश्वराचे देऊळ उभे आहे. स्वर्गमंडपाचे ४८ खांब आणि आभाळाला उघडे ठेवलेले गोल छत पाहिल्यावर कारागिरीबद्दल वाद उरत नाही. वाद आहे तो आपल्या इतिहासलेखनाशी. देऊळ शिलाहारांचे किती आणि यादवांचे किती, यावर पानेच्या पाने खर्ची पडतात. मिराशींनी १९७७ साली शिलाहारांचे कोरीव लेख एकत्र संपादून दिले, हे मोठेच काम. पण साधनांना विचारलेले प्रश्न राजवंशाचेच राहिले.

देवळाच्या दक्षिण दारापाशी सिंघण यादवाचा शके ११३६चा (इ. स. १२१३-१४) लेख आहे. देवाच्या पूजेसाठी गाव दान दिल्याची त्यात नोंद आहे. अभ्यासक त्यावरून दुसऱ्या भोजाचे राज्य बुडाल्याचे सांगतात. ते खरे. पण गाव दिले म्हणजे काय दिले? गावाचे उत्पन्न दिले. मग ते पिकवले कोणी? मेलेली ढोरे कोणी ओढली? वेशीबाहेर कोण राहत होते?

याला उत्तर म्हणून 'देऊळ आमच्याच पूर्वजांनी बांधले' असे पुराव्यावाचून म्हणणे हीदेखील राजवंशाचीच नक्कल होय. आपल्याला नवी वंशावळ नको, हिशेब हवा. शाहू महाराजांनी १९१८ साली कोल्हापूर संस्थानातील महारवतने रद्द केली. जमिनीच्या तुकड्याशी माणसाची राबणूक कशी बांधली जात होती, हे त्या वतनांच्या कागदांत दिसते. आपल्या अभ्यासकांनी तिथून मागे चालत दानलेखांपर्यंत यावे.