भाटिया, वनराज : वाद्यवृंदरचना व ध्वनिमुद्रण

भाटिया, वनराज : (३१ मे १९२७ – ७ मे २०२१). पाश्चात्त्य पद्धतीने रचना करणारे भारतीय संगीतकार. जन्म मुंबई येथे. लंडनच्या रॉयल अकॅडेमी ऑफ म्यूझिकमध्ये व पुढे पॅरिसला नाद्या बूलांझे यांच्यापाशी त्यांनी रचनाशास्त्राचे अध्ययन केले. १९५९ मध्ये ते स्वदेशी परतले. अंकुर (१९७४), हंसा वाडकर यांच्या आत्मचरित्रावर आधारलेला भूमिका (१९७७) इ. चित्रपट आणि तमस व भारत एक खोज (१९८८) या दूरदर्शन-मालिका यांच्या संगीताने ते सर्वपरिचित झाले. तथापि त्यांचे मैफल-संगीत या प्रसिद्धीच्या आड राहिले.

चित्रपटांसाठी केलेले त्यांचे काम ध्वनिमुद्रित होऊन टिकले. तंतुवाद्यांसाठीची सिंफोनिया काँचेर्तांते किंवा गिरीश कार्नाड यांच्या नाटकावरून रचलेली उत्तरकालीन संगीतिका अग्निवर्षा यांसारख्या रचनांच्या मुद्रिका मात्र त्या मानाने अत्यल्प आहेत. पहिल्या प्रकारावरून दुसऱ्याची पारख करण्याचा मोह टाळला पाहिजे. चित्रपटातील संगीत प्रसंगाच्या लांबीनुसार कापले जाते, संवादांखाली दाबले जाते. स्वरवाक्याचा विस्तार करण्यास तेथे अवकाश नसतो. भारत एक खोजच्या प्रारंभी येणाऱ्या नासदीय सूक्ताच्या समूहगायनात भाटियांच्या सामर्थ्याची जी चुणूक दिसते, ती चुणूकच होय.

ख्यालाची ध्वनिमुद्रिका ही एका मैफलीची छाया असते. गवय्याची विद्या शिष्यांच्या गळ्यात जिवंत राहते. वाद्यवृंदरचनेला असा आधार नाही. ती कागदावर लिहिलेली असते आणि कागद वाचून ती मनात ऐकू शकणारे श्रोते विरळाच. पोलिश संगीतकार व्हितोल्द लुतोस्लाव्हस्की (१९१३–९४) यांचे उदाहरण येथे उद्बोधक आहे. त्यांच्या रचनांतील काही भागांत प्रत्येक वादक स्वतःच्या गतीने वाजवितो, त्यामुळे एकच रचना दर वेळी थोडी निराळी उमटते. कोणतीही एक मुद्रिका अशा रचनेचे अंतिम रूप ठरू शकत नाही. म्हणूनच स्वतः लुतोस्लाव्हस्कींच्या संचालनाखाली बर्लिन फिलहार्मोनिकने मुद्रित केलेली तिसरी सिंफनी (१९८३) व त्याच कृतीची एसा-पेक्का सालोनेन यांच्या संचालनाखालील मुद्रिका ताडून पाहता येणे ही मोलाची सोय होय. ही सोय केवळ प्रतिभेने झाली नाही. कातोव्हित्से येथील पोलिश नभोवाणीचा वाद्यवृंद त्यांना आधीपासून हाताशी होता.

मुंबईत नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्सच्या आश्रयाने सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया हा व्यावसायिक वाद्यवृंद २००६ मध्ये स्थापन झाला. त्या वेळी भाटियांनी पंचाहत्तरी ओलांडलेली होती. वाद्यवृंद झाला, तरी त्याचे वादन मुख्यतः महानगरापुरतेच. वऱ्हाडातील मोर्शीसारख्या गावी राहणाऱ्या रसिकाला मुद्रिकेवाचून या संगीताची वाट नाही. भाटियांनी रागांतील स्वरवाक्ये पाश्चात्त्य स्वरसंवादात गुंफताना रागाचे रूप कितपत राखले, हा त्यांच्या मूल्यमापनातील कळीचा प्रश्न आहे. तो स्वरलिपीवरून सुटणारा नाही. त्यासाठी कान हवेत, आणि त्याच त्या रचना पुनःपुन्हा ऐकण्याची सोयही.

२०१९ मध्ये विख्यात चेलोवादक यो-यो मा यांनी मुंबईत भाटियांची रेव्हरी ही रचना सादर केली. तेव्हा भाटिया एक्याण्णव वर्षांचे होते.