पूर्वापार म्हणजे कधीपासून?

जहराला पाहुणे आले की लाल किल्ल्याची फेरी ठरलेली. १९२० ची लढाई मी दोन वाक्यांत उरकतो. मला रस पुढच्या कागदांत. १९९३ साली संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाने कुवेत-इराक सीमा आखून दिली, तेव्हा १९३२ चा पत्रव्यवहार पुन्हा टेबलावर आला होता. वकिलांना इतिहासाचे दप्तर उघडावेच लागते. उलट बाजूने काय होते, हे पाहायला यंदाच्या सुट्टीत दोन जुनी पुस्तके पुन्हा वाचली.

पहिले न्यायमूर्ती रानड्यांचे ‘राइज ऑफ द मराठा पॉवर’ (१९००). कॉलेजात असताना भारावलो होतो. या वेळी पानोपानी कोर्ट दिसले. ग्रँट डफने मराठी सत्तेच्या उदयाला सह्याद्रीतल्या वणव्याची उपमा दिली, तिच्याविरुद्ध ही कैफियत आहे. संत, सरदार, डोंगर सारे एकाच बाजूचे साक्षीदार! भाऊबंदकीचा उल्लेख येतो, पण निकालाला तिचा धक्का लागत नाही. युक्तिवाद भक्कम आहे. उलटतपासणी मात्र वाचकानेच करायची. याच पुस्तकाला जोडलेला न्यायमूर्ती तेलंगांचा बखरींवरचा लेख मला जास्त आवडला. बखरकाराच्या तोंडून जाता जाता निसटलेले चालीरीतींचे तपशील ते नेमके टिपतात. मुरलेला न्यायाधीश साक्ष ऐकतो ती अशी.

दुसरे म. म. पां. वा. काण्यांचे ‘हिस्टरी ऑफ धर्मशास्त्र’. पहिला खंड १९३० चा, शेवटचा १९६२ चा. काणे मुंबई हायकोर्टात वकिली करणारे. त्याआधी १९२६ साली त्यांनी नीलकंठाचा ‘व्यवहारमयूख’ संपादित केला होता. मूळच्या पैठणच्या घराण्यातला हा काशीकर पंडित सतराव्या शतकात मतमतांतरांशी वाद घालत होता. इंग्रजी अमदानीतल्या न्यायालयांनी त्याला जवळजवळ कायद्याचे कलम बनवले. मुंबई बेटावर आणि गुजरातेत वारशाच्या दाव्यांत मयूखाचा शब्द मोठा. वारसांच्या रांगेत बहिणीला वरची जागा मिळाली ती त्याच्या आधारे. ग्रंथाचा अर्थ लावणे किती महाग किंवा किती मोलाचे ठरते, पाहा.

काण्यांवर माझी एक तक्रार आहेच. वचनांवर वचने रचत जाताना गावच्या पारावर निवाडा कसा झाला, हे हाती कमी लागते. ते वि. त्र्यं. गुण्यांच्या १९५३ च्या मराठेशाहीतील न्यायव्यवस्थेवरील पुस्तकात महजरांमधून दिसते. पण आचार कोणत्या काळी, कोणत्या प्रांतात बदलला, हे काणे ज्या चिकाटीने दाखवतात, त्याला तोड नाही.

हे सारे मला घरच्या निमित्ताने हवे होते. आजोबा १९७१ साली मृत्युपत्र न करता गेले. त्यांनी स्वतः बांधलेल्या घराच्या वाटणीच्या कागदावर आत्याचे नावच नाही. १९५६ चा वारसा कायदा तिच्या बाजूने आहे, हे आमच्या वकिलांनी सांगितले. काकांचे म्हणणे एकच, “आपल्याकडे पूर्वापार असंच आहे.” शुक्रवारी फोनवर मी विचारले, “काका, पूर्वापार म्हणजे कोणत्या सालापासून?” ते म्हणाले, “जुनी ट्रंक उघडून बघतो.” आत्याला अजून यातले काही कळवलेले नाही.