नवा राजवाडा : धन्याविना उभी राहिलेली वास्तू

कोल्हापूरच्या नव्या राजवाड्यावरचे लेखन बहुधा शैलीपाशी येऊन थांबते. काळ्या घडीव दगडाच्या भिंती, मधला घड्याळाचा मनोरा, कमानी, छत्र्या. गुजरात-राजस्थानकडील मंदिरशिल्प आणि युरोपीय मांडणी यांचा ‘सुरेख संगम’. वर्णन खोटे नाही. मात्र हा संगम कोणाच्या सत्तेखाली आणि कोणासाठी घडला, हे त्यातून कळत नाही. त्यासाठी इमारतीच्या तारखा करवीरच्या इतिहासाशेजारी मांडाव्या लागतात.

बांधकामाचा काळ १८७७ ते १८८४. आराखडा मेजर चार्ल्स मँट यांचा. कोल्हापूरचा टाऊन हॉल आणि बडोद्याचा लक्ष्मीविलास राजवाडा यांचे आराखडेही त्यांचेच. १८८१ मध्ये मँट वारले. गादीवर होते १८७१ मध्ये दत्तक आलेले चौथे शिवाजी महाराज. दगडावर दगड चढत असताना त्यांना वेडे ठरवण्यात आले आणि १८८२ मध्ये कारभार रीजन्सीकडे गेला. त्यांच्या छळाविषयी ‘केसरी’ व ‘मराठा’ यांनी आवाज उठवला. दिवाण माधवराव बर्वे यांच्या बदनामीबद्दल टिळक-आगरकरांना त्याच वर्षी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. २५ डिसेंबर १८८३ रोजी महाराजांचा अहमदनगरच्या किल्ल्यात नजरकैदेत अंत झाला. राजवाडा पुरा झाला तेव्हा त्याचा कर्ताही नव्हता आणि ज्याच्या कारकिर्दीत पाया घातला तो राजाही नव्हता.

या पार्श्वभूमीवर जागेची निवडही बोलकी वाटते. जुना राजवाडा अंबाबाईच्या देवळालगत, भवानी मंडपाच्या वर्दळीत आहे. नवा उभा राहिला तो गावाबाहेर, बावड्याच्या वाटेवर, बागेच्या मोकळ्या आवारात. राजा प्रजेच्या गर्दीतून उचलून दूर, प्रेक्षणीय अंतरावर ठेवला गेला, असा माझा अर्थ आहे. दरबार हॉलच्या रंगीत काचांवर शिवचरित्रातील प्रसंग आहेत. सत्ता हातची गेलेली असताना पराक्रम खिडकीत राहिला.

१७ मार्च १८८४ रोजी शाहू महाराज दत्तक आले. अधिकार मिळाले ते २ एप्रिल १८९४ रोजी. म्हणजे पुरी झालेली ही वास्तूही दहा वर्षे कर्त्या धन्याची वाट पाहत होती. तिला नुसते सुंदर म्हणणे अपुरे आहे. शैलीच्या नावाआड ही सात वर्षे झाकली जाऊ नयेत, एवढेच अभ्यासकाकडे मागणे.