वाटीवर 'वाटी' कोरणारा इन्स्टॉलर

आज लिनक्सच्या स्वयंचलित इन्स्टॉलेशनबद्दल बोलायचं आहे. पन्नास मशीन असतील तर प्रत्येकासमोर बसून कोणी बटणं दाबत नाही. रेड हॅटच्या जगात 'किकस्टार्ट' फाइल असते, डेबियनमध्ये 'प्रीसीड'. इन्स्टॉलर जे प्रश्न विचारणार, त्यांची उत्तरं तिच्यात आधीच लिहून ठेवायची. सोय उत्तम आहे, यात वाद नाही. माझा आक्षेप आहे तो डिस्कला आणि पार्टिशनला ओळखण्याच्या पद्धतीवर.

आधी शब्दाचाच घोळ बघा. किकस्टार्टमधल्या 'पार्ट' या आज्ञेला 'लेबल' जोडलं, की त्या फाइलसिस्टमला नाव मिळतं. पण 'क्लिअरपार्ट'ला 'इनिटलेबल' जोडलं, की डिस्कवरचा पार्टिशनांचा तक्ताच नव्याने लिहिला जातो. एक दारावर पाटी लावतं, दुसरं वाड्याचा नकाशा पुसतं. शब्द मात्र एकच! समोर माणूस असेल तर तो शेवटच्या 'खात्री आहे का?' पाशी तरी सावरतो. इथे माणूसच नाही.

आता जुनी गोष्ट. रेड हॅटचे पूर्वीचे इन्स्टॉलर साध्या मूळ पार्टिशनला '/' हेच लेबल देत, आणि बूट होताना 'ज्याचं लेबल / आहे ते घ्या' असं सांगत. एकच डिस्क असेपर्यंत सगळं गोड. पण दुसऱ्या मशीनमधली डिस्क माहिती काढायला म्हणून जोडली, की '/' चे दावेदार दोन! मग कधी बूट अडतं, कधी भलतीच डिस्क मूळ म्हणून माउंट होते.

आपल्याकडे भांड्यांवर नाव घालतात ना? ते घराचं किंवा माणसाचं. पंगतीनंतर शंभर वाट्या एकत्र धुतल्या तरी आपली ओळखू यावी म्हणून. वाटीवर 'वाटी' असं कोणी कोरत नाही. '/' हे लेबल नेमकं तेच करतं. वस्तू काय ते सांगतं, कोणाची ते सांगत नाही.

कोणी म्हणेल, मग थेट 'एसडीए' लिहू. ते त्याहून कच्चं. कर्नलला डिस्क ज्या क्रमाने सापडतात, त्या क्रमाने ही नावं पडतात. फेडोरा ७ मध्ये, २००७ साली, आयडीई डिस्कचं 'एचडीए' नव्या ड्रायव्हरमुळे 'एसडीए' झालं आणि जुन्या फाइलींमधली नावं निकामी ठरली. पेनड्राइव्ह लावून बूट केलं, की कधी तोच 'एसडीए' होतो आणि बाकीची अक्षरं पुढे सरकतात. 'एसडीबी पुसा' हे वाक्य मग कोणाच्या डोक्यावर पडेल, याचा नेम नाही.

यूयूआयडी चांगली, १२८ बिटांची खूण. पण ती फाइलसिस्टम तयार होताना जन्मते. कोऱ्या डिस्कांतली कोणती निवडायची, हे ती सांगू शकत नाही. शिवाय डिस्कची हुबेहूब नक्कल केली, की खुणेचीही नक्कल होते. एक्सएफएस निदान अशी जुळी फाइलसिस्टम सोबत माउंट करायला सरळ नकार देतं. तो नकार मला प्रामाणिक वाटतो.

मग करायचं काय? डिस्क निवडताना 'बाय-आयडी' खालचं, सहसा मॉडेल आणि सिरियल नंबरवरून बनलेलं नाव द्या. किकस्टार्टमध्ये ते चालतं. 'इग्नोरडिस्क'ने बाकीच्या डिस्क हिशोबातूनच बाहेर ठेवा. लेबलात मशीनचं नाव आणि काम दोन्ही घाला. जागा थोडी आहे, हे खरं. ईएक्सटी४ मध्ये १६ बाइट. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट खातं, म्हणजे काना-मात्रा धरून पाचच चिन्हं बसतात! म्हणून लेबलापुरती रोमन अक्षरंच बरी.

पण सगळा भार फाइल लिहिणाऱ्यावर टाकणं मला मान्य नाही. ओळखीत शंका आली, की न थांबता पुढे जाणं ही स्वयंचलित साधनाची हुशारी नव्हे. पन्नास मशीन तासभर उशिरा तयार झाली तरी चालतं. भलती डिस्क पुसली गेली आणि बॅकअप नसेल, तर तो तास कितीही मोजला तरी परत मिळत नाही.