दोन मापं भात आणि मूठभर कोळंबी

अलेप्पीच्या हाउसबोटीचं एखादं तरी रील तुमच्या फोनवर येऊन गेलं असेल. नारळाच्या रांगा, संथ पाणी, केळीच्या पानात भाजलेला करीमीन मासा. (मालवण-गोव्याकडे हाच काळुंदर.) ही बोट मुळात पर्यटकांची नव्हे, हे मात्र रील सांगत नाही. केट्टुवळ्ळम म्हणजे खिळे न ठोकता, काथ्याच्या दोरीनं फळ्या बांधून केलेली मालवाहू होडी. तिच्यातून भाताची पोती जायची. ते भात पिकवलं कुणी, हा प्रश्न पडला की तकळी शिवशंकर पिळ्ळै यांच्या 'रण्टिटंगळी'पाशी यावंच लागतं.

1948 ची ही कादंबरी. नावाचा अर्थ 'दोन मापं भात', म्हणजे मजुरीचं माप. मी ती हिंदीतून, 'दो सेर धान' या अनुवादातून वाचली. पुलया या दलित जातीतला कोरन चिरुताशी लग्न करता यावं म्हणून जमीनदाराचा बांधील होतो. पुढे त्याला कळतं की भात पिकवणाऱ्याच्या हाती मजुरी म्हणून नाणी टेकवली जातात आणि भात मात्र काळ्या बाजारात जातं. मग संघटना, संप, तुरुंग. तो आत असताना चात्तन हा मित्र चिरुताला बहिणीसारखी सांभाळतो.

ही वर्गसंघर्षाची कादंबरी, असं तिच्याबद्दल नेहमी म्हटलं जातं. ते खरंच आहे, पण तेवढ्यावर थांबलं की कादंबरीतली सगळ्यात मोठी गोष्ट निसटते. ती गोष्ट म्हणजे पाणी.

कुट्टनाडमधली बरीच शेती समुद्रसपाटीच्या खाली आहे. समुद्राला समांतर पसरलेलं वेंबनाड हे खाऱ्या-गोड्या पाण्याचं सरोवर, मल्याळीत 'कायल'. पावसाळ्यात नद्यांचं गोडं पाणी त्यात भरतं, उन्हाळ्यात भरतीबरोबर समुद्राचं खारं पाणी आत शिरतं. या कायलमध्ये बांध घालून, आतलं पाणी उपसून शेतं काढली गेली. मजूर बुडी मारून तळातला चिखल वर आणत आणि तो रचून बांध उभा राही. लाकडी चाकं पायांनी फिरवून पाणी बाहेर काढलं जाई. इंजिनं नंतर आली. म्हणजे आधी जमीन होती आणि मग तिला मालक मिळाला, असं इथे झालंच नाही. जमीन मजुरांनी पाण्यातून वर काढली आणि कागद दुसऱ्याच्या नावावर झाला. कोरनचा राग समजून घ्यायला एवढा भूगोल पुरेसा आहे.

तकळी स्वतः कुट्टनाडचे. म्हणून कादंबरीच्या पूर्वार्धातली शेतं देखावा म्हणून येत नाहीत, काम म्हणून येतात. कोरनला शेताबद्दल वाटणारी ओढ मालकीतून आलेली नाही. रोज चिखलात उभं राहून जे कळतं, त्यातून ती आली आहे. शहरातून लिहिलेल्या 'निसर्गरम्य' गद्यात हे ज्ञान सापडत नाही.

माझी तक्रार उत्तरार्धाबद्दल आहे. संघटना कथेत आली की वाक्यांना भाषणाचा ताल येतो आणि पाणी मागे सरकतं. कादंबरीची मागणी जमिनीची आहे: कसेल त्याची जमीन. ती न्याय्यच होती. पण पाणी कुणाचं, हा प्रश्न ती विचारत नाही. त्याच कायलवर शिंपले काढणारे, जाळी टाकणारे, नारळाची सोडणं कुजवून काथ्या वळणारे लोक जगत होते. कथेचा भार त्यांच्यावर कधी पडत नाही.

मासेमार तकळींकडे आले ते 1956 च्या 'चेम्मीन'मध्ये. पण तिथे समुद्र आहे, होडी आणि जाळ्यासाठीचं कर्ज आहे, आणि बाईच्या किनाऱ्यावरच्या पावित्र्यावर पुरुषाचा समुद्रातला जीव तोलणारी श्रद्धा आहे. कायल नाही. शेतमजूर एका कादंबरीत, कोळी दुसऱ्या. मधे वाळूची चिंचोळी पट्टी.

'चेम्मीन' म्हणजे कोळंबी. एका कादंबरीच्या नावात भात, दुसरीच्या नावात कोळंबी, आणि निसर्गात या दोन गोष्टी शेजारीशेजारी आहेत. कोळंबीच्या कित्येक जातींची पिल्लं भरतीबरोबर कायलमध्ये येतात, तिथे वाढतात आणि समुद्रात परततात. एर्नाकुलमकडच्या पोक्काळी शेतात तर दोन्ही एकाच वाफ्यात होतात: पावसाळ्यात खारेपणा सोसणारं भात, कापणी झाली की त्याच पाण्यात कोळंबी. भाताचं काड कुजून कोळंबीचं खाद्य वाढतं आणि कोळंबीच्या हंगामामुळे पुढच्या भाताला कसदार माती मिळते. गोव्याच्या खाजणांतही बांध आणि मानशी यांच्या जोरावर भात आणि मासे असेच एकत्र नांदत आले. तकळींच्या दोन कादंबऱ्या मला अशाच एका शेताचे दोन हंगाम वाटतात. लेखकानं त्यांच्यात बांध घातला, आणि समीक्षेनंही तो कधी ओलांडला नाही.

हा नुसता साहित्यिक खेळ नाही. 1970 च्या दशकात वेंबनाडवर तण्णीरमुक्कमचा बंधारा उभा राहिला. उन्हाळ्यात त्याची दारं लावून खारं पाणी अडवायचं, म्हणजे भाताचं पीक वाचेल, हा हेतू. भाताचा फायदा झाला. पण खारं पाणी तण मारायचं, ते थांबल्यावर जलपर्णी माजली. भरती-ओहोटीनं घाण धुऊन जायची, ती साचू लागली. नदीतल्या मोठ्या कोळंबीची पिल्लं खाऱ्या पाण्यात वाढतात. तिची ये-जा अडली. काळ्या शिंपल्यांनाही प्रजननासाठी थोडा खारेपणा लागतो. दारं कधी उघडायची, यावरून शेतकरी आणि मच्छीमार समोरासमोर उभे राहिले.

खरं तर हे दोघे एकमेकांवाचून जगलेले नाहीत. कुट्टनाडची माती आम्लधर्मी आहे, तिला चुना लागतो, आणि तो पूर्वापार या कायलच्या शिंपल्यांतून येतो. कापणी झालेल्या शेतात बदकांचे कळप सोडले जातात, त्यावर आणखी काही घरं चालतात. जैवविविधता म्हणजे पक्ष्यांची यादी नव्हे. कुणाचं जगणं कुणाच्या उरलेल्यावर उभं आहे, त्याचा तो हिशेब आहे. हा हिशेब धोरणात नव्हता. आमच्या वाचनातही तो नव्हता, म्हणून धोरणाला एकट्याला दोष देणं मला जमत नाही.

1948 मधल्या लेखकानं बंधाऱ्याचं भाकीत करायला हवं होतं, असं मी म्हणत नाही. त्याच्यासमोर भूक होती. पण पुढचा हिशेब वाचकाला मांडता येतो. 1970 पासून केरळात जमीनसुधारणा लागू झाली. कुळांना शेती मिळाली. कोरनसारख्या बहुतेक मजुरांच्या वाट्याला झोपडीखालची जागाच आली. 2013 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेनं समुद्रसपाटीखालच्या या शेतीला जागतिक वारशाचा मान दिला. ज्यांनी बुड्या मारून बांध रचले, त्यांच्या नातवंडांना या वारशातलं काय मिळालं, हे 'रण्टिटंगळी' वाचलेला माणूस विचारल्याशिवाय राहणार नाही.

म्हणून ही कादंबरी वाचाच, पण 'चेम्मीन'च्या शेजारी ठेवून. पहिली विचारते, पिकवणाऱ्याला किती मापं? दुसरी शेजारी असली की त्यात आणखी एक प्रश्न मिसळतो: पाणी अडवलं, तर शेजारच्या घरात आज काय शिजणार नाही? किनाऱ्यावरच्या कुठल्याही बंधाऱ्याची, बंदराची बातमी वाचताना हे दोन प्रश्न एकदमच विचारायचे असतात.