कट्टा आणि ‘गावठी कट्टा’

संकठा घाटाच्या पायऱ्यांवर बसलो असताना मी एका हिंदी कविमित्राला सहज सांगितले, की आमच्याकडे संध्याकाळी कट्ट्यावर साहित्याच्या गप्पा रंगतात. तो दचकला. “कट्टा लेकर?” दोघेही हसलो. मराठी कट्टा म्हणजे पाय सोडून बसायची जागा. त्याच्या कानाला मात्र एका वेळी एकच गोळी झाडणारे हातबनावटीचे पिस्तूल ऐकू आले होते.

हसू ओसरल्यावर आपली वर्तमानपत्रे आठवली. हिंदीतला हा शब्द त्यांनी उचलला आणि पुढे ‘गावठी’ जोडले. मराठीत गावठी अंडी, गावठी कोंबडी म्हणजे अस्सल. गावठी माणूस म्हणजे अडाणी. दोन्ही छटांत धोका नाही. शिवाय एकबारी कट्टा आणि अनेक गोळ्यांचे मॅगझिन असलेले पिस्तूल, दोन्ही याच नावाखाली छापली जातात. वाचकाला वाटते, काहीतरी किरकोळ सापडले.

शस्त्र अधिनियम १९५९ असा भेद मानत नाही. कलम ३ परवान्याशिवाय अग्निशस्त्र बाळगू देत नाही, कलम ५ ते बनवू वा विकू देत नाही. बनावट गावातली म्हणून सूट नाही.

३० ऑगस्ट २०१५ रोजी धारवाडमध्ये एम. एम. कलबुर्गी आणि ५ सप्टेंबर २०१७ रोजी बंगळुरूत गौरी लंकेश यांची हत्या झाली. दोघांवरील गोळ्या एकाच ७.६५ मिमी गावठी पिस्तुलातून सुटल्याचा न्यायवैद्यक निष्कर्ष बातम्यांतून आला. त्या वाक्यात ‘गावठी’ वाचताना मी अडखळलो होतो. दोन लेखकांचे प्राण घेणाऱ्या वस्तूला हे विशेषण?

शब्द अगदीच निरर्थक नाही, हे मान्य. पण त्यातला कामाचा अर्थच हरवतो. अशा शस्त्रावर अधिकृत कारखान्याचा क्रमांक नसतो, म्हणून त्यावरून मालकापर्यंत पोचता येत नाही. मग गोळीवर आणि पुंगळीवर उमटलेल्या खुणाच बोलतात. ‘बिनक्रमांकाचे, बेकायदा बनावटीचे पिस्तूल’ हे लांबलचक आहे, मथळ्यात मावणार नाही. बातमीत मात्र मावेल.

मथळ्याची सोय म्हणून आपण शब्द उसना घेतला. त्याची दहशत काशीतच राहिली. माझा मित्र दचकला. आपण दचकत नाही.